देवाचे वकील

दूर कुठल्याशा जंगलात वाळक्या झाडावर वीज पडते. झाड पेटतं, वणवा लागतो. हरणाचं एक पाडस त्यात अडकतं आणि भयंकर भाजतं, पण लगेच मरत नाही. काही दिवस तडफडत पडून राहतं, मग मरतं. आसपास माणूस नाही. कोणाला कधी कळतही नाही.

हे पाडस विल्यम रो या अमेरिकन प्राध्यापकाच्या १९७९ सालच्या एका लेखातलं. रो इंडियाना राज्यातल्या पर्ड्यू विद्यापीठात शिकवायचा. तेव्हापासून आजतागायत तत्त्वज्ञानाच्या नियतकालिकांत हे पाडस जळतंच आहे. रोने ते फार हिशेबाने निवडलं होतं. त्याच्या जागी माणूस घेतला असता तर नेहमीची उत्तरं लगेच हजर झाली असती: पापाचं फळ, देवाने घेतलेली परीक्षा, दुःखातून माणूस घडतो, दुसऱ्याचे हाल बघून आपल्यात दया जागी होते. पाडसाच्या हातून पाप होत नाही. त्याला त्यातून काही शिकायचं नाही. दया यावी तर बघायला कोणी नाही. आगही माणसाने लावलेली नाही, म्हणजे माणसाच्या स्वातंत्र्याचा मुद्दाही काढायची सोय नाही. एवढी दारं बंद करून मग रो विचारतो: जो सर्वशक्तिमान आहे, सर्वज्ञ आहे आणि पूर्णपणे भला आहे, त्याने हे का होऊ दिलं? याच्याशिवाय साधलंच नसतं असं कुठलं मोठं भलं आपल्याला दिसतं का? दिसत नाही. बरं, या एका पाडसाचं सोडा. जगात आजवर असे जे हाल झाले, त्यांतले एकूण एक कुठल्यातरी भल्यासाठी अटळ होते, असं मानायला काही आधार आहे का? नसेल, तर असा देव नाही असं मानणंच सयुक्तिक.

मी कनिष्ठ महाविद्यालयात तर्कशास्त्र शिकवतो. अकरावी-बारावीला कला शाखेत असा विषय असतो, हे इतर शाखांच्या लोकांना सांगितलं की ते भुवया उंचावतात. युक्तिवादाची हाडं मोजायची खोड त्यामुळे लागलेली, आणि रोचा लेख मला आवडतो तो त्याच्या शिस्तीसाठीच. एक गोष्ट मात्र खुपते. पुढच्या चर्चेत या पाडसाला नाव पडलं, ‘बॅम्बी’. डिस्नेच्या चित्रपटातलं ते गोंडस पिल्लू. १९८८ साली रोने जोडीला दुसरं उदाहरण घेतलं, तेव्हा ते काल्पनिक नव्हतं: मिशिगन राज्यातल्या फ्लिंट शहरात पाच वर्षांच्या एका मुलीवर अत्याचार होऊन तिचा खून झाला होता. तिलाही एक सुटसुटीत टोपणनाव मिळालं, आणि मग पानोपानी ही दोन नावं जोडीने येऊ लागली, बीजगणितात क्ष आणि य येतात तशी. मान्य आहे, दरवेळी सगळे तपशील सांगत बसलं तर विचार पुढे सरकायचा नाही. तरी तिसऱ्या-चौथ्या लेखानंतर आपणही ती नावं न अडखळता वाचतोय हे ध्यानात येतं, आणि बरं वाटत नाही.

रोच्या आधी हा वाद वेगळ्या तऱ्हेने चालायचा. १९५५ साली जॉन मॅकी या ऑस्ट्रेलियन तत्त्वज्ञाने ‘माइंड’ या तत्त्वज्ञानाच्या नियतकालिकात एक छोटा लेख लिहिला. त्याचा दावा रोपेक्षा कितीतरी आक्रमक होता. देव सर्वशक्तिमान आहे. देव पूर्णपणे भला आहे. जगात दुष्टावा आणि दुःख आहे. तिन्ही विधानं एकदम खरी असूच शकत नाहीत. म्हणजे श्रद्धेला पुरावा नाही एवढंच त्याला म्हणायचं नव्हतं. श्रद्धा स्वतःच्याच पायात पाय अडकून पडते, असं म्हणायचं होतं. त्यासाठी जोडीला आणखी दोन विधानं लागतात, तीही तो लपवत नाही: जो भला आहे तो शक्य तेवढं वाईट नाहीसं करतोच, आणि सर्वशक्तिमानाच्या शक्तीला मर्यादा नसते. देवाने माणसाला स्वातंत्र्य दिलं म्हणून पाप आलं, हे उत्तर त्याला अर्थातच ठाऊक होतं. त्यावर त्याचा प्रतिप्रश्न असा: माणूस एखाद्या वेळी आपखुशीने चांगलं वागू शकतो ना? मग प्रत्येक वेळी आपखुशीनेच चांगलं वागतील अशी माणसं देवाने का घडवली नाहीत? बारावीच्या वर्गात हा प्रश्न फळ्यावर लिहिला की शेवटच्या बाकावरचेही वर बघतात.

याला उत्तर दिलं आल्विन प्लँटिंगा या अमेरिकन तत्त्वज्ञाने, १९७४ साली. वकिली काय असते ते इथे शिकावं. त्याने सुरुवातीलाच आपल्यावरचा सिद्धतेचा भार हलका करून घेतला. देवाने दुःख का ठेवलं हे मला सांगायचंच नाही, तो म्हणतो. देव आणि दुःख एकत्र असणं अशक्य नाही, एवढंच दाखवायचंय. त्याला एक गोष्ट पुरते. ती खरी असायला नको, पटण्याजोगीही असायला नको, फक्त तिच्यात विसंगती नको. मग येतो कर्ली नावाचा बॉस्टनचा लाचखाऊ मेयर, महामार्गाच्या प्रकरणात पैसे खाणारा. देवाने कसंही जग निर्माण केलं, पण कर्लीला त्यात खरोखर मोकळं सोडलं, तर कर्ली कुठे ना कुठे एकदा तरी घसरणारच, असं असू शकतं की नाही? आणि माणूस म्हणून जो कोणी घडवावा तो या बाबतीत कर्लीच निघेल, असंही असू शकतं. तसं असेल तर ‘माणसं स्वतंत्र आणि पाप शून्य’ असं जग देवाच्या एकट्याच्या हातात राहत नाही, कारण ते माणसांच्याही हातात आहे. ठीक. पण भूकंप? रोगराई? ते सैतान आणि त्याच्या टोळीच्या स्वतंत्र इच्छेचं काम असू शकतं. इथे हसू येतं. पण नियम विसरू नका, ‘असू शकतं’ एवढंच हवंय. आणि तेवढं मिळतं. मॅकीच्या मृत्यूनंतर १९८२ साली निघालेल्या त्याच्या पुस्तकातही निखळ विसंगतीचा आरोप थोडा मागे घेतल्यासारखा आहे, पुरतं समाधान न झालेल्या माणसाने घ्यावा तसा.

म्हणजे खटला तांत्रिक मुद्द्यावर सुटला. असा बचाव वाचताना मला टाळ्याही वाजवाव्याशा वाटतात आणि उठून बाहेरही जावंसं वाटतं.

नकाशा काढून बसलं तर गंमत दिसते. प्लँटिंगा तेव्हा मिशिगनमधल्या ग्रँड रॅपिड्सच्या केल्विन कॉलेजात होता. डच वसाहतवाल्यांच्या चर्चने काढलेलं हे कॉलेज. त्याआधी तो डेट्रॉइटच्या वेन स्टेट विद्यापीठात शिकवायचा, आणि तिथे त्याचा एक सहकारी होता एडमंड गेटियर. नोकरी पक्की व्हायची तर काहीतरी छापून यायला हवं, म्हणून गेटियरने १९६३ साली तीन पानं लिहिली, आणि ‘सकारण खरा विश्वास म्हणजे ज्ञान’ ही जुनी व्याख्या त्या तीन पानांनी मोडली. डेट्रॉइटपासून फ्लिंट शंभरेक किलोमीटर. रोचं पर्ड्यू शेजारच्या राज्यात. म्हणजे विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात देवावरचा हा खटला बहुतांशी मोटारींच्या कारखान्यांच्या आणि मक्याच्या शेतांच्या मुलखात चालला. बोस्टन-न्यूयॉर्कच्या मोठ्या विद्यापीठांत तेव्हा धर्म हा तत्त्वज्ञानाचा पडेल विषय मानला जायचा. या मुलखातल्या लोकांना मात्र रविवारी चर्चमध्ये बसून सोमवारी सूत्रं मांडायची होती.

याच गटातला स्टीफन वाइकस्ट्रा. १९८४ साली त्याने रोच्या युक्तिवादातली सगळ्यात नाजूक पायरी पकडली. ‘आपल्याला कारण दिसत नाही’ इथून ‘कारण नाही’ इथे रो जातोच कसा? माझ्या विद्यार्थ्यांना हा तर्कदोष पाठ असतो: अमुक सिद्ध झालं नाही म्हणून ते नाहीच. पण वाइकस्ट्रा तेवढ्यावर थांबत नाही, कारण काही वेळा असं म्हणणं बरोबरही असतं. खोलीत डोकावलो, हत्ती दिसला नाही, म्हणजे खोलीत हत्ती नाही. अमेरिकेच्या त्या भागात मात्र एक जातीची चिलटं असतात, इतकी बारीक की चावतात पण दिसत नाहीत. ती दिसली नाहीत म्हणून नाहीत, असं म्हणता येत नाही. मग देवाकडे एखादं कारण असेल तर ते हत्तीसारखं असेल की चिलटासारखं? आपली समज त्याच्यापुढे केवढी? महिनाभराच्या तान्ह्या बाळाला आईबापांचे हेतू जेवढे कळावेत तेवढी. म्हणून कारण न दिसणं हा पुरावाच नव्हे. या भूमिकेला पुढे संशयवादी आस्तिक्य असं नाव पडलं. देवाबद्दल संशय नाही. संशय आपल्याच नजरेबद्दल.

मला ही चाल फार हुशार वाटते, आणि माझी सगळी तक्रारही हिच्याचबद्दल आहे.

माझा आतेभाऊ एकोणीस वर्षांचा असताना ल्युकेमियाने गेला. त्या दिवसांत आत्याच्या घरी माणसांची रीघ होती. खाली सतरंजी, भिंतीला टेकून बसलेली आत्या, दाराशी चपलांचा ढीग. येणारा प्रत्येक जण काहीतरी बोलायचा, आणि मी, नुकताच एम.ए. झालेला, कोपऱ्यात बसून ऐकायचो. कोणी म्हणे, देवाला चांगली माणसं लवकर हवी असतात. कोणी म्हणे, मागच्या जन्मीचं काही देणं असेल, फेडून मोकळा झाला. सगळ्यात जास्त वेळा ऐकलेलं वाक्य: त्याच्या मनात काय असतं, आपल्याला काय कळणार? वाइकस्ट्राचा लेख मी तोवर वाचलेला नव्हता. पुढे वाचला तेव्हा ही सगळी मंडळी त्यात ओळीने बसलेली दिसली.

एका वयस्कर नातेवाइकांनी हेच वाक्य पुन्हा म्हटलं तेव्हा आत्या पहिल्यांदा बोलली. ‘‘असेल हो त्याचा मोठा हिशेब. मला अडाणीला नाही कळायचा. पण पोराला सुया टोचत होते तेव्हा मी उशाशी होते. त्यालाही कळत नव्हतं कशाला टोचतात, पण मी तिथे होते. हा कुठे होता?’’

पुढे कित्येक वर्षांनी रोचं वाइकस्ट्राला दिलेलं उत्तर वाचलं आणि चमकलो. रो म्हणतो, आईबाप आणि मूल हा दाखला घ्यायचाच तर पुरता घ्या. न कळणारा त्रास मुलाला सोसावा लागतो तेव्हा चांगले आईबाप इस्पितळात त्याच्या उशाशी बसतात, हात धरतात, आम्ही आहोत म्हणून पुन्हा पुन्हा सांगतात. कारण कळत नाही म्हणूनच जवळ असणं जास्त गरजेचं होतं. देव मुलासारखंच आपल्यालाही कारण सांगू शकत नसेल तर निदान त्याचं जवळ असणं तरी जाणवायला हवं होतं, आणि हाल होणाऱ्या कितीतरी जणांना ते अजिबात जाणवत नाही. आत्या सातवीपर्यंत शिकलेली. पर्ड्यू विद्यापीठाने जे छापलं नसतं असं तिने काही म्हटलं नव्हतं.

मॅरिलिन मॅकॉर्ड ॲडम्स या बाईंचं लिखाण मला या टप्प्यावर भेटलं. त्या तत्त्वज्ञ, आणि चर्चच्या दीक्षित धर्मगुरूसुद्धा. आपल्याच बाजूच्या वकिलांवर त्यांचा राग होता. तुम्ही ‘मोठं भलं’, ‘जगाचा एकूण हिशेब’ असल्या उंचीवरून बोलता, त्या म्हणतात, पण काही दुःखं अशी असतात की ज्याच्या वाट्याला येतात त्याला आपलं आयुष्य जगण्याजोगं होतं का असा प्रश्न पडावा. अशा वेळी जगाचं भलं झालं हे सांगून भागत नाही. देव भला असेल तर तो त्या माणसाशी, त्याच्याच आयुष्यात भला असला पाहिजे. दुसऱ्या कोणाच्या खात्यात जमा करून चालायचं नाही. ॲडम्सबाई पुढे याचं ख्रिस्ती उत्तर देतात, ते मला पटत नाही. पण प्रश्न त्यांनी योग्य उंचीवर आणून ठेवला.

आपल्याकडचा वाचक इथे म्हणणार, हे सगळं ख्रिस्ती देवाचं झालं. आपल्याकडे कर्मसिद्धान्त आहे. आहेच. आणि प्रश्नही आहे, तोही स्वच्छ मांडलेला. ब्रह्मसूत्राच्या दुसऱ्या अध्यायात ‘वैषम्यनैर्घृण्ये न’ असं सूत्र येतं: ईश्वर पक्षपाती आणि निर्दय ठरतो का? शंकराचार्यांचं भाष्य सांगतं, नाही, कारण तो प्राण्यांच्या धर्माधर्माला धरून सृष्टी करतो. पाऊस सगळ्या शेतांवर सारखाच पडतो. भात उगवतो की जव, हे बीजावर ठरतं. आणि पहिलं बीज कुठून आलं? संसार अनादि आहे, पहिलं असं काही नाहीच. तर्काच्या अंगाने बघितलं तर ही बांधणी प्लँटिंगाच्या मेयरपेक्षा सरस आहे. जंगलातल्या पाडसालाही तिच्यात जागा आहे, सैतान वगैरे आणावा लागत नाही. माझी अडचण अशी की तिच्यात सगळ्यालाच जागा आहे. आणि देवाची सुटका करताना ती हिशेबाची वही उचलून थेट सोसणाऱ्याच्या मांडीवर ठेवते. सतरंजीवर बसलेल्या बाईला ‘देणं असेल’ म्हणणाऱ्यांचा हेतू वाईट नव्हता. पण त्याचा अर्थ, तुझ्या पोराने केलं होतं काहीतरी, असाच होतो.

याला सूक्ष्म फाटे आहेत, कर्मविपाक असा यांत्रिक नसतो वगैरे, ते मला माहीत आहेत. पण सतरंजीवर सूक्ष्म फाटे कोणी बोलत नाही.

वही कोणाच्या मांडीवर जाते, हे नैसर्गिक म्हणवणाऱ्या आपत्तींत जास्त उघड दिसतं. १ नोव्हेंबर १७५५ च्या सकाळी, सर्व संतांच्या सणाला, लिस्बनमध्ये चर्चेस भरलेली असताना भूकंप झाला. व्होल्तेरने त्यावर कविता लिहून ‘जे आहे ते बरंच आहे’ म्हणणाऱ्या आशावाद्यांना फैलावर घेतलं. पुढच्या वर्षी रूसोने त्याला पत्र लिहून एक वेगळीच गोष्ट सुचवली: सहा-सहा, सात-सात मजल्यांची वीस हजार घरं एका ठिकाणी काही निसर्गाने रचली नव्हती. देवाचा बचाव करता करता रूसोने प्रश्न बांधकामाकडे वळवला.

हे वाचताना मराठी माणसाच्या डोक्यात किल्लारी आल्याशिवाय राहत नाही. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट, चार वाजायला काही मिनिटं कमी. आदल्या दिवशी गणपती बोळवून लोक झोपलेले. आठ ते दहा हजारांच्या दरम्यान माणसं गेली, ती बहुतेक दगड-मातीच्या जाड भिंती आणि वरचं जड माळवद अंगावर येऊन. आदल्या वर्षीच तिथे धक्के बसत होते, लोक घाबरलेले होते. पण भूकंपाच्या सरकारी नकाशात तो टापू सगळ्यात कमी धोक्याच्या पट्ट्यात होता. २००२ च्या सुधारित नकाशात तो तिसऱ्या पट्ट्यात गेला. देवाने हे का होऊ दिलं, हा प्रश्न मराठवाड्यात तेव्हा अनेकांनी विचारला असणार. धक्के बसत असताना घरं का तपासली नाहीत, हा प्रश्नही विचारता येत होता, आणि त्याला उत्तर देऊ शकतील अशी माणसं पृथ्वीवरच होती. मात्र रूसोचं सूत्रही जपून वापरावं लागतं. ज्याने शिवारातला काळा दगड आणि पांढरी माती घेऊन उन्हाळ्यात थंड राहील असं घर बांधलं, त्यालाच ‘तुझ्या भिंतीने मारलं’ म्हणणं हा कर्मसिद्धान्ताचाच सरकारी अवतार झाला.

आता वाइकस्ट्राकडे परत येतो, कारण ‘आपल्याला काय कळणार’ याची किंमत इथेच मोजावी लागते. २००३ साली मायकेल आल्मेदा आणि ग्रॅहम ऑपी या तत्त्वज्ञांनी या भूमिकेवर हल्ला केला तो याच बाजूने. समजा ओढ्याच्या पुरात एक मूल वाहत चाललंय. मी काठावर आहे, पोहता येतं, उतरू शकतो. पण माझ्या नजरेबद्दल मी खरोखरच एवढा साशंक असेन, की कुठल्याही दुःखामागे मला न दिसणारं मोठं भलं असू शकतं आणि ते आहे की नाही याचा अंदाजही मला बांधता येत नाही, तर मुलाला वाचवल्याने जग बरं होईल हे मी कशाच्या बळावर म्हणणार? देवाने त्याला बुडू देण्यामागे कारण असू शकतं, तर मी मध्ये पडल्याने तेच बिघडत नसेल कशावरून?

वाइकस्ट्राच्या बाजूच्या मायकेल बर्गमनसारख्यांचं यावर उत्तर आहे, आणि ते फालतू नाही. माणसाने आपल्याला जेवढं दिसतं तेवढ्यावरून वागायचं असतं. डॉक्टर रोग्याला वाचवतो तेव्हा हा पुढे कोणाचा खून करेल का याचा विचार करत नाही. कळत नाही ते बाजूला ठेवतो. मान्य. पण मग दिसतं तेवढ्यावरून निवाडा करायला हरकत नाही, असं ठरलं. तर तोच निवाडा, शक्य असून काठावर उभ्या राहिलेल्या दुसऱ्या एकाबद्दल मी करू लागलो की माझी नजर एकदम तान्ह्या बाळाची कशी होते? ओढ्याकाठी मी जबाबदार प्रौढ आणि देवळात महिन्याचं बाळ, असं दोन्हीकडून चालत नाही. न कळण्याला एकदा घरात घेतलं की ते फक्त देवघरात बसून राहत नाही, स्वयंपाकघरातही येतं, पैशाच्या कपाटालाही हात लावतं. देव खोटं बोलणार नाही हे तरी कशावरून? खोटं बोलण्यामागेही त्याचं चिलटाएवढं, आपल्याला न दिसणारं कारण असेलच की.

शब्दांचंही तेच होतं. ऑक्सफर्डच्या अँटनी फ्ल्यूने १९५० साली ही शंका एका गोष्टीतून मांडली होती. जंगलातल्या मोकळ्या जागेत फुलं उगवलेली दिसतात. एक वाटसरू म्हणतो, इथे माळी येत असणार. दोघं पहारा करतात, कोणी येत नाही. विजेचं कुंपण घालतात, वास काढणारे कुत्रे सोडतात. काही नाही. तरी पहिला म्हणतो, माळी आहेच, तो दिसत नाही, त्याला वास नाही, विजेचा झटका लागत नाही. दुसरा शेवटी विचारतो, मग असल्या माळ्यात आणि नसलेल्या माळ्यात फरक काय राहिला? फ्ल्यूचं पुढचं उदाहरण घशाच्या कर्करोगाने मरणाऱ्या मुलाचं आहे. जमिनीवरचा बाप वेडापिसा होऊन धावपळ करतो. आकाशातल्या बापाची काही हालचाल दिसत नाही, आणि तरी ‘तो प्रेम करतो’ हे वाक्य जागचं हलत नाही. (हाच फ्ल्यू म्हातारपणी, २००४ साली, सृष्टीमागे कोणी बुद्धिमान कर्ता आहे असं मानू लागला आणि दोन्हीकडच्यांना गोंधळात टाकून गेला. पण त्याने मानलेला देव प्रार्थना ऐकणारा नव्हता.) फ्ल्यूच्या त्या गोष्टीच्या ऐंशी-पंचाऐंशी वर्षं आधी जॉन स्टुअर्ट मिलने हेच जास्त तडफेने म्हटलं होतं: माणसांना चांगलं म्हणताना मला जे अभिप्रेत असतं ते ज्याच्यात नाही, त्याला मी चांगलं म्हणणार नाही.

मला या सगळ्या वादाची सगळ्यात उपयोगी किल्ली मिळाली ती देवाविषयी नसलेल्या एका व्याख्यानात. पीटर स्ट्रॉसन या इंग्लिश तत्त्वज्ञाने १९६२ साली ब्रिटिश अकादमीपुढे ते दिलं. विषय जबाबदारी आणि राग. कोणी माझा हात तुडवला तर दुखणं तेवढंच असतं, पण चुकून तुडवला की तुच्छतेने, यावर माझा राग ठरतो. राग, कृतज्ञता, क्षमा या भावना आपण ज्याच्याशी नात्यात असतो त्याच्याबद्दलच वाटतात. आणि राग निवळवणाऱ्या सबबी दोन जातींच्या असतात. पहिली: त्याला माहीत नव्हतं, त्याचा नाइलाज होता. यात माणूस माणूसच राहतो, फक्त ती एक कृती माफ होते. दुसरी: तो लहान आहे, तो भ्रमिष्ट आहे, त्याला आपली मापं लावू नका. यात राग जातो, पण त्याच्याबरोबर तो माणूसही नात्यातून बाहेर जातो. त्याला आपण सांभाळतो, त्याच्यावर उपचार करतो, त्याच्याशी भांडत नाही.

आता ‘देवाला आपली मापं लावू नका’ हे कुठल्या जातीत बसतं ते बघा. नाइलाज होता असं म्हणणारा प्लँटिंगा निदान पहिल्या जातीत आहे. वाइकस्ट्रा आणि सतरंजीवरची मंडळी, भक्तीच्या भरात, देवाला दुसऱ्या जातीत नेऊन बसवतात. आणि तिथे नेल्यावर नुसता राग सुटत नाही, आभारही सुटतात. मापंच लागू नसतील तर परीक्षेत पास झाल्याचे पेढे कशाला ठेवायचे?

जनाबाई असं करत नाही. ती विठ्ठलाला ‘विठ्या’ म्हणते, कारट्या म्हणते, त्याला मेला समजून शिव्याशाप देते. त्याच्या मनात काय असतं आपल्याला काय कळणार, असं म्हणून ती त्याला सोडून देत नाही. आणि आत्याने मुलगा गेल्यानंतर वर्षभर देवपूजा केली नाही. कोणी विचारलं, विश्वास उडाला का हो, तर म्हणायची, ‘‘विश्वास कशाला उडेल? अबोला आहे.’’

कॉलेजात मराठी शिकवणारे आमचे एक सहकारी कीर्तन करतात. आम्ही त्यांना बुवाच म्हणतो. त्यांना मी हे सगळं एकदा सांगत होतो. जुन्या करारातल्या ईयोबाचा विषय निघाला. त्याची मुलं मेली, अंगभर फोड आले, आणि मित्र येऊन त्याला देव कसा न्यायी आहे ते समजावत बसले. ईयोब मात्र देवालाच जाब विचारत राहिला. शेवटी देव बोलला, तेव्हा कारण त्याने काही सांगितलं नाही, पण माझ्याबद्दल नीट बोलला तो ईयोब, तुम्ही नव्हे, असं म्हणून मित्रांनाच झापलं. बुवांना हे फार आवडलं. मग ते म्हणाले, ‘‘सर, जनीचं ठीक आहे, तुमच्या आत्याबाईंचं ठीक आहे. त्यांचं घरचं भांडण. तुम्ही तर मानतच नाही. तुम्ही कोणाशी भांडताय?’’

मी म्हटलं, ‘‘देवाशी नाही हो, त्याच्या वकिलांशी.’’

‘‘पण त्याने वकीलपत्र दिलंय हे तुम्हाला कोणी सांगितलं?’’

मी म्हटलं, हे प्लँटिंगालाच विचारायला हवं. ते म्हणाले, हा कोण? पुढचा तास मोकळा होता, म्हणून मग मॅकीपासून सुरुवात केली.